‘काही नाही, जरा टेन्शन आहे’ : पुरुषांच्या मनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याजवळच्या एका उपनगरात आम्ही दहा-बारा पुरुष महिन्यातल्या दोन रविवारी संध्याकाळी एकत्र बसतो. जागा एका बालवाडीची. तिथल्या खुर्च्या चिमुकल्या, म्हणून सगळे सतरंजीवर मांडी घालतात. मी डॉक्टर नाही आणि समुपदेशकही नाही. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस आहे, आणि त्यातली दोन वर्षं नैराश्यात गेली. बैठकीत, फोनवर आणि जास्त करून निघताना चपला घालता घालता जे प्रश्न विचारले जातात, ते इथे घेतले आहेत. वैद्यकीय गोष्टी डॉक्टरांकडून समजून घेऊन लिहिल्या आहेत. बाकीचं आमच्या सतरंजीवरचं.

पुरुषांचं मानसिक आरोग्य हा खरंच प्रश्न आहे, की शहरातलं नवीन खूळ?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ चे आकडे बघा. देशात त्या वर्षी १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यातले सुमारे ७२ टक्के पुरुष. राज्यांमध्ये सगळ्यांत जास्त नोंद आपल्या महाराष्ट्रात, २२,७४६. आणि व्यवसायाप्रमाणे पाहिलं तर सगळ्यांत मोठा गट रोजंदारीवर जाणाऱ्यांचा, एकूणच्या चौथाईहून जास्त. म्हणजे पोट भरलेल्या शहरी माणसांचे हे चोचले आहेत, असं म्हणायला जागा उरत नाही.

गंमत अशी, की नैराश्याचं निदान बायकांमध्ये जास्त होतं. पुरुषांचा त्रास दवाखान्याच्या केसपेपरवर कमी दिसतो आणि पोलिसांच्या पंचनाम्यात जास्त. मधल्या काळात तो कुठे असतो? घरात असतो, ‘काही नाही, जरा टेन्शन आहे’ म्हणत.

मला नैराश्य आलंय की नुसतं टेन्शन आहे? कसं ओळखायचं?

टेन्शन हा शब्द म्हणजे आपलं पोतं आहे. हप्ता थकला, टेन्शन. पोरगी बोलत नाही, टेन्शन. वडील गेले, तरी टेन्शनच. पोत्यात काय काय भरलंय ते बघायचं तर तोंड सोडावं लागतं.

डॉक्टर साधारण दोन आठवड्यांचा हिशेब धरतात. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खाली असेल किंवा आवडीच्या गोष्टींतही रस वाटत नसेल, आणि जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडली असेल, स्वतःबद्दल ‘आपण कुचकामी’ असं वाटत असेल, मरणाचे विचार येत असतील, तर तपासून घ्यायला हवं. मरणाचे विचार असतील तर दोन आठवडेही थांबायचं नाही.

पुरुषांमध्ये अडचण अशी, की ‘मन खाली’ हे पुष्कळदा दिसतच नाही. दिसते ती चिडचिड. ताटात मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवणं. सिग्नलवर पुढच्या रिक्षावाल्याशी हमरीतुमरी. पहाटे तीनला जाग येते आणि मग उजाडेपर्यंत छत बघत पडायचं. पाठ दुखते, डोकं दुखतं, पोट साफ होत नाही. सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात आणि माणूस डॉक्टर बदलत राहतो. पिणं वाढतं. बायकोजवळ जावंसं वाटत नाही. गाडी विनाकारण जोरात चालवली जाते. माझ्या बाबतीत सुरुवात ॲसिडिटीपासून झाली होती. पाच महिने मी गोळ्या खाल्ल्या, एंडोस्कोपी करून घेतली. शेवटी त्याच डॉक्टरांनी पेन खाली ठेवून विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?” मी म्हणालो, “एकदम मस्त.” आणि मला हुंदका आला.

एक सांगून ठेवतो : थायरॉइड, बी-१२, रक्तातली साखर हेही तपासतात. थायरॉइड बिघडलं तर मनावर परिणाम होतो, आणि मधुमेहींमध्ये नैराश्य जास्त आढळतं. म्हणून स्वतःच निदान करून मोकळं होऊ नका.

‘पुरुषानं रडायचं नसतं’ ही आपली परंपराच आहे ना?

परंपरा म्हणाल तर आषाढात वारीला जाऊन या. रिंगण झाल्यावर मिशाळ बाप्ये एकमेकांच्या पाया पडतात, गळ्यात पडतात. पंढरपुरात पोचल्यावर नुसता कळस दिसला तरी साठीचा माणूस ढसाढसा रडतो आणि शेजारचा त्याला ‘बाईसारखा काय रडतोस’ म्हणत नाही. पोरीच्या पाठवणीला बाप रडला तर आख्खा मांडव त्याच्यासोबत रडतो. म्हणजे आपल्याकडे पुरुषाला रडायला परवाना आहे, फक्त जागा आणि प्रसंग ठरलेले आहेत. तोच वारकरी घरी परत आल्यावर आपल्या तरण्या पोराला कवेत घेत नाही. मला वाटतं, आपल्याकडे भावनांचा दुष्काळ कधीच नव्हता. पाणी आहे, पाट काढायचे राहून गेलेत.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कधी ‘तुझी आठवण येते’ म्हणाले नाहीत. पण मी पहिल्यांदा नोकरीला निघालो तेव्हा एसटी स्टँडवर त्यांनी माझ्या बॅगेचा पट्टा उगाचच दोनदा घट्ट केला. मग खिशातून घडी घातलेली शंभराची नोट काढून माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात घातली आणि खिसा वरून थोपटला. गाडी सुटेपर्यंत ते टायरांकडे बघत होते. त्यांना बोलायचं होतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी मला एवढंच वाटलं होतं, की आबांना टायरात काहीतरी खोट दिसतेय.

मोकळं व्हायचं म्हणजे नेमकं करायचं काय? ‘बोल’ म्हटलं की शब्दच सुचत नाहीत.

हा खरा प्रश्न. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आटोपशीर आहेत. याचं जरा लांबणार.

पहिली गोष्ट शब्दांची. बैठकीत नवीन आलेल्या माणसाला कसं वाटतंय विचारलं तर तीन उत्तरं ठरलेली : टेन्शन, डोकं फिरलंय, बोअर झालंय. मराठीत याचे किती शब्द आहेत! हुरहूर आहे, घुसमट आहे, धास्ती आहे, उबग आहे. कानकोंडं होणं, हिरमुसणं, जीव वरखाली होणं, पोटात गोळा येणं, मन उडणं. आपल्या आज्या हे शब्द रोज वापरायच्या. आम्ही एका कार्डशीटवर असे चाळीसेक शब्द लिहून बालवाडीच्या भिंतीवर, फळांच्या तक्त्याशेजारी लावलेत. येणाऱ्यानं आजच्या दिवसाचा एक शब्द निवडायचा, बस. हसू येतं, पण चालतं.

माझंच सांगतो. कंपनीनं दुसरी पाळी बंद केली आणि मला सुपरवायझरचा पुन्हा मशिनवर उभा केला. वर्षभर मी सगळ्यांना ‘डोकं फिरलंय’ एवढंच सांगत होतो. रागच वाटत होता मला. त्या तक्त्यासमोर उभं राहून पाहिलं तेव्हा कळलं, की ती लाज होती. ज्या पोरांना मी काम शिकवलं त्यांच्या शेजारी उभं राहायची लाज. राग कुणावर तरी काढावा लागतो. लाज सांगता येते. नाव बदललं आणि मला पुढचं वाक्य सापडलं.

दुसरी गोष्ट : समोरासमोर बसू नका. पुरुषाला डोळ्यांत डोळे घालून मनातलं सांगायला लावणं म्हणजे पोलीस चौकशी. हात कामात असले, नजर दुसरीकडे असली की जीभ सैल होते. मोटरसायकलवर मागे बसून, बांधावर चालताना, गाडी धुताना, टपरीवर कटिंग घेऊन रस्त्याकडे तोंड करून. मी बायकोला सांगितलं ते मटार सोलताना. पेपर पसरलेला, दोन किलो मटार. मी शेंगेकडे बघत म्हणालो, “मला सकाळी कामावर जायची भीती वाटते.” तिचे हात थांबले नाहीत. चार-पाच शेंगा सोलून झाल्यावर ती म्हणाली, “माहितीये. मार्चपासून निघताना तुम्ही खिशातली चावी तीन-तीनदा चाचपताय.” मी ज्याला लपवणं समजत होतो ते तिला महिनाभर आधीच कळलं होतं.

तिसरी : छोटं बोला. सगळं आयुष्य एका बैठकीत ओतायचं नसतं. एक वाक्य पुरतं. ‘आज बरं नाही वाटत, कारण मलाही नीट कळत नाही.’ ‘बाबा गेल्यापासून घरी लवकर जावंसं वाटत नाही.’ ‘तू काल सगळ्यांसमोर तसं बोलल्यावर मला वाईट वाटलं.’ वाक्यात ‘मला’ ठेवा. ‘तू नेहमीच’ने वाक्य सुरू झालं की ते भांडण असतं, मनमोकळेपणा नसतो.

आणि वेळ लागू द्या. एक गृहस्थ पहिल्या दिवशी आले ते चाळीस मिनिटं आपल्या बुलेटच्या क्लचप्लेटबद्दल बोलले. कुठून आणली, कुणी फसवलं, किती रुपये गेले. आम्ही ऐकत होतो. निघताना दारात, बुटाची नाडी बांधत, वर न बघता म्हणाले, “मिसेस दोन महिने झाले माहेरी आहेत.” तेवढंच. पुढच्या वेळी क्लचप्लेटला दहा मिनिटं लागली.

बोलणं जमतच नसेल तर लिहा. फोनमध्ये स्वतःलाच मेसेज पाठवा. मीटर रीडिंगच्या वहीत लिहिणारेही आमच्यात आहेत.

बायकोला सांगितलं तर तिला ओझं होईल. शिवाय पुढच्या भांडणात तेच काढलं तर?

दोन्ही होऊ शकतं. खोटा दिलासा देत नाही.

ओझ्याबद्दल : तुम्ही न बोलता वागताय त्याचं ओझं ती आधीच वाहतेय, फक्त त्यावर लेबल नाही. सांगताना आधीच स्पष्ट करा, ‘मला आत्ता उपाय नकोय, नुसतं ऐकून घे.’ नाहीतर ती बिचारी तुमच्या प्रश्नावर तोडगा काढायला लागते आणि तुम्ही म्हणता, हिला कळतच नाही.

भांडणात काढण्याबद्दल : असं झालं तर ते दुखतं, आणि शांत झाल्यावर ते तसंच सांगावं, ‘मी विश्वासानं सांगितलेलं तू काल हत्यार केलंस, मला लागलं.’ बहुतेक वेळा एवढं पुरतं. एखाद्या घरात नाही पुरत. तिथे ऐकणारं माणूस दुसरं शोधावं, भाऊ, मित्र, समुपदेशक. आणि एरवीही सगळा भार एकट्या बायकोवर टाकू नये. पुष्कळ पुरुषांना आयुष्यात मनातलं बोलायला एकच माणूस असतं, ते म्हणजे बायको. ती आजारी पडली किंवा गेली की मग कुणीच नाही.

अजून एक. मोकळं होणं म्हणजे घरात आदळआपट करणं नाही. ‘मी मनात काही ठेवत नाही, तोंडावर बोलतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. घरचे त्यांना घाबरतात.

मित्रांच्या ग्रुपवर काही बोललं की टर उडवतात.

ग्रुपवर बोलूच नका. दहा जणांत प्रत्येकाला जोक मारावासा वाटतो. त्यातल्या एकाला गाठा. कुणाला? ज्यानं कधीतरी स्वतःचं काही सांगितलं होतं आणि तुम्ही विषय बदलला होतात, त्याला. त्याच्यापासून सुरुवात करा, जमल्यास त्या दिवशीबद्दल ‘सॉरी यार’ म्हणून.

मित्र गप्प गप्प झालाय. त्याला काय विचारू?

‘अरे, काय झालंय तुला?’ यावर ‘काय नाय’ येणारच. त्याऐवजी दिसलं ते सांगा. ‘तू तीन रविवार क्रिकेटला आला नाहीस. फोन उचलत नाहीस. मला काळजी वाटतेय. संध्याकाळी येतो, चक्कर मारू.’ आणि खरंच जा.

त्यानं बोलायला सुरुवात केली की आपल्या जिभेवर तीन-चार वाक्यं हजर असतात : ‘एवढं काय त्यात’, ‘लोकांना बघ किती दुःखं आहेत’, ‘पॉझिटिव्ह विचार कर’, ‘चल, बसू आज’. ही गिळायची. ‘मग?’ आणि ‘पुढे?’ हे दोन शब्द पुरेसे आहेत.

मरणाबद्दल शंका आली तर सरळ विचारा. ‘जीव द्यावासा वाटतो का तुला?’ विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्यावर माणसाला हायसं वाटतं, की कुणाला तरी बोलता आलं. तो ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्या एका माणसाला सांगा, घरातली फवारणीची औषधं आणि गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ‘कुणाला सांगू नकोस, शपथ आहे’ असं त्यानं म्हटलं तरी. ही शपथ मोडायची असते. तातडीची वेळ असेल तर ११२.

दोन पेग झाले की मन मोकळं होतं. मग काय वाईट आहे?

होतं खरं. सकाळी काय बोललो ते निम्मं आठवत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही, म्हणून पुढच्या शनिवारी तेच पुन्हा पहिल्यापासून. बसणं कितीही झालं तरी बोलणं पुढे सरकत नाही. शिवाय दारू मेंदूला मंदावणारी आहे. तासा-दोन तासांची उभारी देते, झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशीचं मन आणखी खाली नेते. भावनेच्या भरात टोकाचं काही करण्याची शक्यताही दारूत वाढते.

पिणं हाताबाहेर गेलंय असं वाटत असेल तर तो स्वतंत्र आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र चालतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्याच संघटनेच्या मराठीतल्या सभा गावोगावी होतात. तिथे फी नाही, आडनाव विचारत नाहीत. एक इशारा : रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात स्वतःच्या मनानं बंद करू नये. हातापायाला कंप, भास, फिट असं होऊ शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची.

समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ : कुणाकडे जायचं? आणि परवडतं का?

मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते तपासतात, औषध देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, गोळ्या लिहून देत नाहीत. झोप, भूक उडाली असेल, मरणाचे विचार असतील, भास होत असतील तर आधी डॉक्टर. घरातला तिढा, शोक, नोकरीचा ताण असेल तर समुपदेशकापासून सुरुवात केली तरी चालते. समुपदेशक अशी पाटी कुणीही लावतं, म्हणून शिक्षण काय ते विचारा. विचारण्यात अपमान नाही. आपण प्लंबरलाही विचारतो, आधी कुठे काम केलंय.

पैशाचं : ‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. पहिल्यांदा लावताना काय बोलावं सुचत नाही, तर ‘मला काय बोलावं सुचत नाही’ इथूनच सुरुवात करा. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्य सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. नुसतं दाखवून घरी येता येतं, कुणी आत ठेवून घेत नाही. गोव्यात बांबोळीला सरकारी मनोविकार संस्था आहे. ठाण्यात १९९० पासून आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था मराठीतून मानसिक आरोग्याचं काम करते.

‘येरवडा’ म्हटल्यावर हसलात ना? मीही हसायचो. माझा केसपेपर तिथलाच आहे.

गोळ्या सुरू झाल्या की आयुष्यभर लागतात म्हणे?

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी चटक लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची लागते, त्या वेगळ्या. त्या मेडिकलमधून आपल्या मनानं आणून खाऊ नयेत. नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्त. आणि त्रास, म्हणजे मळमळ, अस्वस्थपणा, हा पहिल्याच आठवड्यात दिसतो. त्यामुळे पुरुष आठव्या दिवशी पाकीट फेकतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने किंवा अधिक काळ चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात. एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड, झोपमोड होते आणि माणूस म्हणतो, बघा, सवय लागली.

काही गोळ्यांनी लैंगिक इच्छेवर परिणाम होतो. हे पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. सांगा. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. मी तीन महिने लाजत होतो. डॉक्टरांनी मान वर न करता एक नाव खोडून दुसरं लिहिलं, वीस सेकंदांत.

ऑफिसात कळलं तर? विमा मिळतो का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे; पॉलिसीतल्या अटी मात्र वाचून घ्या. ऑफिसात सांगायचं की नाही हे सर्वस्वी तुमचं. मी फक्त एकाला सांगितलं होतं, जो माझी पाळी सांभाळायचा.

आत्महत्येचा प्रयत्न केला तर पोलीस केस होते, म्हणून घरचे दवाखान्यात न्यायला घाबरतात.

घाबरून वेळ घालवू नका. वर सांगितलेल्या २०१७ च्या कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलंय. त्याची काळजी घेणं आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलं नाही. दवाखान्यात पोलिसांना कळवण्याची पद्धत असते, जबाब घेतला जातो. तेवढ्यासाठी उपचार अडू देऊ नका.

डोक्यावर कर्ज आहे. बोलून कर्ज फिटतं का?

नाही फिटत. हा प्रश्न एका शेतकरी भावानं बैठकीत विचारला होता आणि कुणालाच उत्तर सुचलं नव्हतं. हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलणं अप्रामाणिक होईल. ज्याला पैशाचा घोर आहे त्याला ‘मन मोकळं कर’ सांगणं म्हणजे भुकेल्याला हात धुऊन घे सांगणं.

पण त्याच दिवशी पुढे काय झालं ते सांगतो. त्यानं आकडा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं. सतरंजीवर एक निवृत्त तलाठी बसले होते. त्यांनी विचारलं, सावकाराकडे परवाना आहे का? नव्हता. महाराष्ट्रात सावकारीवर २०१४ चा कायदा आहे; विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात करता येते, आणि बेकायदा सावकारीत लिहून घेतलेली जमीन परत मिळवण्याचीही तरतूद आहे. त्याला हे माहीत नव्हतं, कारण त्यानं आकडाच कुणाला सांगितला नव्हता, बायकोलाही नाही. पुढे कागदपत्रांची कटकट दीड वर्ष चालली. अजून सगळं सुटलेलं नाही.

विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्यांसाठी राज्याच्या आरोग्य विभागानं २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन विचारपूस करतात, गरज असेल त्याला पुढे पाठवतात. १०४ हा आरोग्य सल्ल्याचा नंबर त्यासाठीच जोडलेला. गावातल्या आशाताईला विचारलंत तर पुढची वाट तीच दाखवेल.

वय ३४. लग्न जमत नाही. यात कसलं मानसिक आरोग्य?

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता, आम्हाला मुली मिळत नाहीत म्हणून. सगळ्या महाराष्ट्रानं त्याचे व्हिडिओ हसत हसत पुढे पाठवले, मीही. नंतर आमच्याकडे असाच एक मुलगा यायला लागला. शेती सांभाळतो, दूध घालतो. प्रत्येक हळदीत, प्रत्येक बारशात त्याला एकच प्रश्न : ‘तुझं कधी?’ त्यामुळे त्यानं कार्यक्रमांना जाणंच सोडलं. गर्भातच मुली मारल्या गेल्या आणि शेतीची पत घसरली, याचं बिल या पोरांच्या नावावर फाटलंय. तुमचं लग्न आम्ही जमवू शकत नाही. पण ‘नकार आला’ आणि ‘मी नाकारण्यासारखा आहे’ यांतलं अंतर एकट्यानं मोजता येत नाही. तेवढ्यासाठी कुणाशी तरी बोला. आणि नातेवाईकांनो, तो प्रश्न विचारणं बंद करा.

वडील निवृत्त झाल्यापासून सारखे चिडतात. त्यांना बोलतं कसं करू?

‘बाबा, मोकळेपणानं बोला’ असं म्हणू नका, ते पेपर उघडतील. त्यांच्याकडून काहीतरी शिकायला जा. विळी कशी लावायची, सातबारा कसा वाचायचा, त्यांची पहिली नोकरी कशी लागली. जुन्या गोष्टींतून ते आत्तावर येतात. त्यांना ऐकू कमी येतंय का तेही बघा. न ऐकू येणारा माणूस चिडका होतो आणि घरचे त्याला स्वभाव म्हणतात. म्हातारपणातलं नैराश्य कधी विसराळूपणासारखंही दिसतं, म्हणून डॉक्टरांना दाखवा.

मुलगा १४ वर्षांचा आहे. दार लावून बसतो.

थोडं दार लावणं वयाचं आहे. खाणं, झोप, शाळा, मित्र हे सगळंच एकदम सुटत चाललं तर लक्ष घाला. उपदेशापेक्षा तुम्ही त्याच्यासमोर काय कबूल करता हे तो बघतो. ‘आज साहेब बोलले, मला फार वाईट वाटलं’ असं जेवताना बापानं म्हटलेलं त्यानं कधी ऐकलंय का? माझ्या पोरानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो घास हातात धरून बघतच राहिला. मग म्हणाला, “मग तुम्ही काय केलं, पप्पा?” 

तुम्ही पुरुष हक्कवाले आहात का?

नाही. बायकांमुळे पुरुष दुःखी आहेत असं म्हणायचं असेल तर आमची सतरंजी अपुरी पडेल. मुंबईत ‘मावा’ ही संस्था १९९३ पासून पुरुषांसोबत काम करते, बाईवर हात उगारणारं पुरुषपण बदलावं म्हणून. आम्ही त्या वाटेवरचे.

मी बोललो आणि पस्तावलो. आता?

होतं असं. चुकीचा माणूस, चुकीची वेळ. मी पहिल्यांदा एका साडूंना सांगितलं होतं, लग्नाच्या पंगतीत. जिलबी येईपर्यंत बातमी दुसऱ्या टोकाला पोचली. दुसऱ्या दिवशी लाज वाटते, ‘उगाच बोललो’ असं होतं; चांगल्या माणसाशी बोलल्यावरही होतं. दोन-तीन दिवसांत ओसरतं. पुढच्या वेळी आधी छोटी गोष्ट सांगून बघा. ती जपली गेली तर मोठी.

बैठकीला यायचं तर काय करावं लागतं?

काही नाही. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, संध्याकाळी साडेपाच. नाव सांगायची सक्ती नाही, बोलायची तर नाहीच. एक काका चार महिने येऊन नुसते ऐकत होते. चहाचे कप मात्र तेच विसळायचे. बोललेलं बाहेर न्यायचं नाही, सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही, पिऊन यायचं नाही. गुडघे दुखत असतील तर घरून उशी आणा, बालवाडीच्या खुर्च्या मोडल्या तर बाई ओरडतात.